अनावश्यक उधळण

सोनाक्का खराडेनं हिंगमिरे शेठची मूठ हवेतच धरली.

मुठीत बेदाणा होता. शेठ तो नेहमीसारखा छातीच्या उंचीवरून खाली सोडणार होते, पडता पडता त्याचा रंग बघणार होते, आणि तळवा धोतराला पुसून पुढच्या पेटीकडं वळणार होते. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांचं मनगट आजवर कुणी धरलं नव्हतं.

"आक्का, हात सोडा. चारचौघांत बरं दिसत नाही."

"तुमी मूठ पेटीत सोडा, म्या हात सोडते."

सौदा थांबला. तीस-पस्तीस खरेदीदार, अडत्ये, हमाल सगळे बघत राहिले. सोनाक्काच्या पेटीभोवती आधीच बेदाण्याचा सडा पडला होता, आणि त्या सड्यावर चपलांचे तीस-पस्तीस जोड उभे होते.

ज्यांनी बेदाण्याचा सौदा पाहिला नाही त्यांना सांगतो. भरल्या पेटीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला माल वर काढायचा, आणि हवेत सोडून द्यायचा. एकानं नव्हे, प्रत्येकानं. माल कसा आहे हे दोन दाणे चावले की कुणालाही कळतं. पण आपण मोठे खरेदीदार आहोत हे बाकीच्यांना कसं कळणार? म्हणून मूठ भरायची आणि सोडायची. जितकी मूठ मोठी तितका शेठ मोठा. याला आमच्याकडं ‘उधळण’ म्हणतात. पंधरा किलोची पेटी सौदा होईतो चौदाची होते, आणि वजन सौद्यानंतर करतात. पडलेला माल शेठची माणसं खराट्यानं लोटून नेतात.

"पडलेलं काय आमच्या घरी जातं?" शेठ हसून म्हणाले. मूठ अजून तिच्याच हातात होती. "धुऊन, वाळवून विठोबाच्या सप्ताहाला देतो. विचारा गुरवाला. प्रसाद तोच वाटतो. तुम्हाला बसल्या जागी पुण्य लागतंय, आक्का."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. खोटं नव्हतंच ते. सगळा केर देवळात येत नव्हता, बराचसा दारूच्या भट्ट्यांकडं जायचा, पण चार पोती यायची, आणि ती मीच वाटायचो.

मी त्या वेळी बाजार समितीत लिपिक होतो. सभेचे ठराव लिहायचे, आवक-जावक सांभाळायची, आणि सचिव तेरदाळे साहेबांनी ‘गुरव’ म्हटलं की उठून उभं राहायचं. संध्याकाळी देवळात टाळ. दिवसभर ज्या आवाजांना ‘होय साहेब’ म्हणायचो ते सगळे कीर्तनाच्या पहिल्या गजरात कानातून निघून जायचे. म्हणून तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘होय साहेब’ म्हणता यायचं.

गलका ऐकून तेरदाळे साहेब आले. ते कुठल्याही भांडणात घाई करत नसत. आधी चष्मा पुसायचे. तोवर भांडणारे दमायचे.

"बाई, उधळण ही चालत आलेली पद्धत आहे," ते म्हणाले. "पद्धतीच्या विरुद्ध आपल्याकडं नियम नाही."

"मग करा की."

"नियम असा होत नाही. मागणी करावी लागते. रीतसर अर्ज."

"कुणाकडं?"

"समितीकडं."

"समिती म्हंजे कोन?"

साहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "समिती म्हणजे आम्हीच."

सोनाक्कानं शेठचा हात ओढून पेटीवर आणला. शेठनी मूठ उघडली. बेदाणा पेटीत पडला. तेवढी एकच मूठ त्या दिवशी परत गेली.

चार दिवसांनी ती ऑफिसात आली, मागं अकरा बायका. सोनाक्काच्या शेडमध्ये या अकराजणी आपापल्या अर्ध्या-पाऊण एकराची द्राक्षं आणून वाळवायच्या. रॅकवर जुनी लुगडी बांधून सावली करायच्या, पायाशी टोपली घेऊन एकेका दाण्याची काडी खुडायच्या. एकटीदुकटीचा माल असला की शेठची माणसं बांधावर येऊन म्हणतील त्या भावानं उचलत. बाजारात आपल्या नावाच्या पेट्या लावायला या बायकांना सोनाक्कानं शिकवलं होतं. आता त्याच म्हणत होत्या, बाजारात न्यायचं आणि पायदळी घालायचं, त्यापेक्षा बांध काय वाईट?

"नियम आनते म्हनलंय मी ह्यांना," सोनाक्का मला म्हणाली. "पुढच्या हंगामापातूर न्हाई आला तर ह्या समद्या बांधावर इकनार. मग मी एकली शेड घिऊन काय करू? लिवा."

"काय लिहू?"

"सौद्यात बेदाना कुनी उधळायचा न्हाई. बघायचा तर परातीत बघायचा. बघून झाल्यावर परत पेटीत टाकायचा. झालं."

मी ते जरा नीटनेटकं करून लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं ऐकलं.

"ह्यात माझं कायबी सांडलं न्हाई न्हवं?"

"नाही, आक्का. आहे तसंच वर जाईल."

"तुमी टाळ धरनारं मानूस. म्हनून तुमच्याकडनं लिवून घेतलं. न्हाई तर दारात अर्ज लिवनारं बसल्यात की चार."

मी टाळावर हात ठेवून शपथ घ्यावी तशी मान हलवली.

तेरदाळे साहेबांनी अर्ज नुसता बघितला. "विहित नमुन्यात नाही."

मी दोन दिवस कपाटं उपसली. नियमनाची मागणी करण्याचा विहित नमुना समितीत नव्हता. तालुक्यात नव्हता. जिल्ह्याला फोन केला तर तिथला लिपिक म्हणाला, "असा अर्ज आजवर कुणी केलाच नाही, मग नमुना कशाला असेल?" हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग विहित नमुना येईपर्यंत अर्ज घेता येणार नाही." तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःच एक विहित नमुना तयार केला. सहा रकाने, खाली दोन टिपा, आणि कोपऱ्यात ‘नमुना क्र. ११’. अकरा का, तर अकरा बायका होत्या. साहेबांनी तो नमुना उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा होता तर मग इतके दिवस दिला का नाही?" आजही तोच वापरतात असं ऐकतो.

सभेत विषय आला तेव्हा सतरा संचालकांपैकी अकरा हजर होते, आणि त्यातले तिघे जागे होते. सूचक म्हणून ज्यांचं नाव लिहिलं ते भजी खात होते. अनुमोदक ताट उचलून नेत होते. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून हिंगमिरे शेठ होते. मला वाटलं, ते उठतील. ते उठले नाहीत. उलट म्हणाले, "मंजूर करा. बायकांचा मान राखला पाहिजे."

सभा उठल्यावर साहेबांनी मला त्यामागचं शास्त्र सांगितलं. "गुरव, आपण मंजूर केलं म्हणून नियम होत नाही. तो वर जातो. आणि वर गेलेलं खाली येत नाही."

‘वर’ म्हणजे तिथं देव नव्हता. जिल्ह्याचं कार्यालय, त्यावर आणखी एक कार्यालय. पण साहेब बोट आकाशाकडं करून ‘वर’ म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडावर जो भाव यायचा तो मी देवळात भल्याभल्यांच्या तोंडावर पाहिला नाही.

प्रस्ताव ज्येष्ठात गेला. भाद्रपदात उत्तर आलं. ते मला पाठ आहे. ‘प्रस्तावात नमूद केलेली उधळण ही गुलाल, बुक्का, भंडारा इत्यादींची असल्यास, धार्मिक प्रथेस मनाई करणे बाजार समितीच्या कक्षेत येत नाही. तरी उधळण म्हणजे काय, याचा खुलासा नमुन्यासह सादर करावा.’

सोनाक्काला मी हे वाचून दाखवलं. ती पायरीवर बसून काडी खुडत होती. हातचं थांबवलं नाही.

"नमुन्यासह म्हंजे?"

"बेदाणा पाठवा म्हणतात."

"उधळून पाठवू का तसाच?"

तिनं दोन किलो निवडक माल दिला. टपोरा, मधाच्या रंगाचा, एका दाण्याला काडी नाही. मी खुलासा लिहिला, की उधळण म्हणजे गुलालाची नव्हे, बेदाण्याची, आणि ती भक्तीनं होत नाही. शेवटचं वाक्य साहेबांनी खोडलं. महिन्यानं वरून पत्र आलं, ‘नमुना अपुरा आहे. पुन्हा सादर करावा.’ पुन्हा दोन किलो गेला. दिवाळी जवळ आली होती. दिवाळीनंतर लिहून आलं, ‘खुलासा समाधानकारक आहे.’

साहेबांनाही नवल वाटलं. वर गेलेलं खाली आलं होतं. सोनाक्काच्या मालाला चव होती, एवढंच त्याचं कारण.

आता मसुदा प्रसिद्ध करायचा, आणि तीस दिवस हरकती-सूचना मागवायच्या. प्रसिद्ध करायचा म्हणजे फलकावर लावायचा. समितीचा फलक सचिवांच्या खोलीत होता, दाराच्या मागं. दार उघडलं की फलक दारामागं झाकला जायचा, आणि दार लावलं की बाहेरचा माणूस आत नसायचा. मी साहेबांना म्हटलं, लोकांना दिसेल असा लावूया.

"फलकावर लावा असं नियमात आहे. फलक दिसला पाहिजे असं कुठं आहे?"

मी सोनाक्काला सांगितलं, की तुमच्या बायकांच्या सह्यांनी एक पाठिंब्याचं पत्र द्या. ती म्हणाली, "आमचंच म्हननं लिवलंय तितं. त्येला आमचाच पाठिंबा कशाला? नवऱ्याच्या नावानं कुंकू लावलंय म्हनून अर्ज देऊ का?" मला हसू आलं. पत्र राहिलं.

तीस दिवस गेले. एक हरकत आली नाही. तिसाव्या दिवशी संध्याकाळी मी आवक नोंदवहीत त्या दिवसाखाली रेघ मारली. देवळात त्या दिवशी मी जरा जास्तच मोठ्यानं टाळ वाजवला.

एकतिसाव्या दिवशी, अकराच्या सुमारास, हिंगमिरे शेठ आले. एका हातात बंद पाकीट, दुसऱ्या हातात पोस्टकार्ड. पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं.

"वाचा. तुमच्यासाठीच आणलंय."

निवृत्तिबुवा मिणचेकरांचं अक्षर मी ओळखत होतो. सात वर्षं मी त्यांना सप्ताहासाठी पत्रं लिहीत होतो. सातही वर्षं उत्तर यायचं, की तारखा दुसरीकडं दिल्या आहेत, पुढच्या साली पाहू. बुवांना मी एकदाच ऐकलं होतं, शेजारच्या तालुक्यात, सोळा मैल सायकल मारून. आख्यान सांगता सांगता ते मध्येच थांबले होते, आणि भरल्या मांडवात कुणी श्वास घेतला नव्हता. त्या थांबण्यासाठी मी सात वर्षं पत्रं लिहीत होतो. कार्डावर लिहिलं होतं, चैत्रात काल्याच्या कीर्तनाला येतो.

"जाणं-येणं, बिदागी, सगळं व्यापारी मंडळाकडं," शेठ म्हणाले. "बुवांना मी स्वतः जाऊन भेटलो. एवढंच वाटतं, गुरव, की देवाच्या कामात तुम्ही-आम्ही एकदिलानं असावं."

तेरदाळे साहेब खोलीतून बाहेर आले. पाकीट उघडून पाहिलं. हरकत होती. ‘माल पाहण्यापुरती उधळण आवश्यक आहे. सबब मसुद्यात उधळण या शब्दाआधी अनावश्यक हा शब्द घालावा.’

"हरकत कुठं आहे ही," साहेब म्हणाले. "एक शब्द आहे. तोही बिचारा नम्र." मग चष्मा पुसत पुसत माझ्या टेबलाकडं पाहिलं. "गुरव, शिक्क्याची तारीख आज बदलायची राहिली वाटतं. अजून कालचीच आहे ना?"

रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की पहिलं काम मी तेच करायचो. शिक्क्याची रबरी चाकं अंगठ्यानं पुढं सरकवायची. त्या दिवशीही सरकवली होती. मी खाली बघितलं.

"होय साहेब. राहिली."

अंगठ्यानं चाक मागं घेतलं. एकच दात मागं. पाकिटावर शिक्का मारला. नोंदवहीत रेघेच्या वर एका ओळीची जागा होती, तीत ‘हरकत, एक’ असं बारीक अक्षरात लिहिलं. कार्ड मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

साहेबांनी वर कळवलं, ‘मुदतीत एकूण एक हरकत प्राप्त, सबब सुचवलेला शब्द सर्वानुमते मान्य.’

आणि बघा, जे कार्यालय उधळणीचा अर्थ समजून घ्यायला चार किलो बेदाणा आणि पाच महिने खर्च करतं, त्याला ‘अनावश्यक’ हा शब्द एका झटक्यात समजला. फाल्गुनात मंजुरी आली. सही, गोल शिक्का, सगळं. ‘सौद्याच्या वेळी बेदाण्याची अनावश्यक उधळण करण्यास मनाई राहील. नमुना शक्यतो परातीत काढून पाहावा.’ ‘शक्यतो’ हे वरच्या कार्यालयानं आपल्या मनानं घातलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. तिथं सवयच असावी. पेटीत परत टाकायचं वाक्य तर पार गेलं होतं. ते कुठं गळलं, कुणी गाळलं, मला आजतागायत कळलं नाही.

सोनाक्काला बातमी कुणी सांगितली कोण जाणे, दुसऱ्या दिवशी बाराही जणी ऑफिसच्या पायरीवर. एकीनं नवं लुगडं नेसलं होतं.

"वाचा, अण्णा. मोठ्यानं वाचा. ह्यांनाबी ऐकू द्या."

मी कागद धरला. "सौद्याच्या वेळी बेदाण्याची," असं म्हणून आवंढा गिळला, आणि त्याबरोबर तो शब्दही गिळला. "उधळण करण्यास मनाई राहील. नमुना परातीत काढून पाहावा."

"आनि परत पेटीत?"

"आणि पाहून झाल्यावर परत पेटीत टाकावा," मी म्हणालो. कागदावर त्या जागी सही होती.

"परत एकदा वाचा."

परत वाचलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

सोनाक्कानं कागदाला हात लावून तो कपाळाला लावला. मग ओटीतून मूठभर बेदाणा काढून माझ्या रुमालात बांधला. "तुमचं बुवा येनार हैत म्हनं. त्यांना द्या. म्हनावं, न उधळलेला हाय."

सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी हंगामातला मोठा सौदा होता. बायकांनी आपल्या पेट्यांपुढं एक पितळी परात मांडली होती, घासूनपुसून लखलखीत. हिंगमिरे शेठ आले. परातीकडं पाहिलं. मग पेटीत कोपरापर्यंत हात घातला, मूठ वर काढली.

सोनाक्कानं मनगट धरलं. या वेळी ती हसत होती.

"शेठ, आता नियम हाय."

"आहे की. मी कुठं नाही म्हणतो?" शेठही हसले. दुसऱ्या हातानं खिशातून मंजुरीच्या कागदाची घडी काढली आणि माझ्याकडं धरली. "गुरव, वाचा. सगळं वाचा."

तेरदाळे साहेब गर्दीत मागं उभे राहून चष्मा पुसत होते. पळून जायला जागा होती. चप्पल पायात होती. पण माझा हात पुढं झाला, सवयीनं, आणि मी कागद घेऊन वाचला. ‘अनावश्यक’ वाचलं. ‘शक्यतो’ वाचलं. सही वाचली.

"आता ही मूठ मला आवश्यक आहे," शेठ म्हणाले. "माल बघायचाय."

सोनाक्का त्यांच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. पायरीवरचा माझा आवाज आणि आताचा आवाज ती शेजारी शेजारी ठेवून बघत असावी, दोन पेट्या बघतात तशा. मग तिनं मनगट सोडलं.

शेठनी मूठ उघडली. बेदाणा छातीच्या उंचीवरून पडला. मग पुढच्यानं मूठ भरली, मग त्याच्या पुढच्यानं. परात रिकामीच राहिली. तिच्या काठावर दोन-चार दाणे आपटून टणटण वाजले, तेवढंच.

ती मला शिवी देईल असं वाटलं. तिनं परात उचलली, पदरानं पुसली, आणि काखेत मारून गेली.

सात दिवस मी देवळात मन लावायचा प्रयत्न केला. शेठनी दिलेली चार पोती मागच्या ओवरीत होती. मी ती पाण्यात तीनदा धुतली. दर वर्षी एकदाच धुतो.

सातव्या दिवशी निवृत्तिबुवा आले. ऊन चढेपर्यंत मांडव भरून रस्त्यावर माणसं उभी. बुवांनी गोपाळकाला लावला. सगळे सवंगडी आपापली शिदोरी सोडतात, कुणाची शिळी भाकरी, कुणाचं आंबट ताक, देव सगळं एकात कालवतो आणि आपल्या हातानं एकेकाच्या तोंडात घालतो. बुवा म्हणाले, "आणि एवढी पोरं, एवढी झोंबाझोंबी, पण देवानं कुणाच्या शिदोरीतलं शीत खाली पडू दिलं नाही." आणि थांबले.

तेच ते थांबणं. सात वर्षं ज्याच्यासाठी पत्रं लिहिली. मांडवात कुणी श्वास घेतला नाही. मी मात्र खोकलो.

हंडी फुटली, गजर सुरू झाला, आणि मी परात घेऊन दाराशी उभा राहिलो. बुवांना द्यायची ती रुमालाची गाठ माझ्या खिशातच होती. बुवा आले तरी माझ्यानं ती देववली नव्हती. आधी पुरुषांची रांग गेली. शेठनी दोन्ही हात पुढं करून प्रसाद घेतला, डोळ्याला लावला, तोंडात टाकला. तेरदाळे साहेबांनी घरच्यांसाठी पुडीत बांधून नेला. मग बायकांची रांग आली.

सोनाक्का पुढं होती. मागं त्या अकराजणी. त्यांतल्या सातजणींनी त्या आठवड्यात बांधावर माल दिला होता. शेडला कुलूप लागल्याचं मला कळलं होतं.

तिनं ओंजळ पुढं केली. मी मूठ भरून प्रसाद घातला. तिनं ओंजळ डोळ्यांजवळ नेली. मला वाटलं, कपाळाला लावतेय. ती बघत होती. बोटानं दाणे वरखाली करून, एकेक दाणा उजेडाला धरून. रांग थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "आक्का, प्रसाद हाय तो, बाजार न्हवं."

"व्हय की. म्हनून तर नीट बघते." एक दाणा तिनं बोटांत धरून माझ्यापुढं केला. "हा आमच्या शेडचा न्हाई, अण्णा. पन कुनाचा तरी हाय. काडी हातानं खुडल्याली दिसते."

मग तिनं ओंजळ परातीवर आणली आणि सगळा बेदाणा हलकेच, आवाज न करता, परत ओतला. तळव्याला चिकटलेला एक दाणा राहिला होता. तोही चिमटीत धरून परातीत ठेवला.

"आक्का, असं करू नका," मी म्हणालो. "देवाचा प्रसाद आहे."

"उधळला न्हाई, अण्णा. परातीत बघितला. बघून झाल्यावर परत टाकला." ती जराही मोठ्यानं बोलली नाही. "असंच वाचलं होतं न्हवं तुमी?"

ती देवाला हात जोडून बाजूला झाली. तिच्या मागची पुढं आली. तिनं ओंजळ केली, मी प्रसाद घातला, तिनं बघितला, आणि परत टाकला. मग तिच्या मागची. अकराच्या अकरा. देवाला नमस्कार मात्र एकीनं चुकवला नाही.

शेवटची गेली तेव्हा परातीत होता तेवढा बेदाणा होता. आत बुवांचा गजर टिपेला पोचला होता, कुणीतरी मला हाक मारली, "गुरव, टाळ घ्या की." पण माझे दोन्ही हात परातीला होते, आणि ती कुठं ठेवावी हे मला सुचत नव्हतं.